सकळ लिपी आणि मोबाइलमधील कुलूप

भोकरदन तालुक्यातील जाळीच्या देवास दर्शनाला आलेल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने मागे मला आपला मोबाइल दाखविला. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषणाच्या आरंभी एक लहानसे कुलूप असते व हे संदेश उभयतांखेरीज कोणास वाचता येणार नाहीत असे तेथे लिहिलेले असते. त्याने विचारले, "बाबा, ही आपली सकळ लिपीच ना?" मी 'होय' म्हणालो. घरी आल्यावर ध्यानी आले की ते उत्तर अर्धेच खरे होते. राहिलेला अर्धा भाग येथे मांडतो. जिज्ञासूंनी गणिताला भिऊ नये, भागाकार येत असला म्हणजे पुरे.

सकळ लिपी रवळोबासांनी सिद्ध केली असे परंपरा मानते. तो काळ चौदाव्या शतकाचा. पुढे सुंदरी, वज्र, अंक, शून्य इत्यादी अनेक सांकेतिक लिप्या पंथात रूढ झाल्या. यांतील मूळ कल्पना साधी आहे : एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण किंवा चिन्ह योजावयाचे. केवळ समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ (ही सकळ लिपीची किल्ली नव्हे). कवर्ग व पवर्ग यांची क्रमाने अदलाबदल करावी, तशीच चवर्ग व तवर्ग यांची करावी. मग 'तप' याचे 'चक' होते आणि 'पोथी' याचे 'कोछी'. संकेत ज्यास गुरुमुखातून मिळाला तो सहज वाचील, इतरांस तो निरर्थक शब्दसमूह वाटेल.

आता प्रश्न असा की असे कुलूप किती बळकट? संख्या पाहिली तर मन चकित होते. चौतीस व्यंजनांची मन मानेल तशी अदलाबदल करण्याचे प्रकार मोजले तर ३९ अंकी संख्या येते. एकेक प्रकार करून पाहू म्हणणाऱ्याचे सारे आयुष्य त्यात जाईल. तथापि चोर एकेक किल्ली लावून पाहात बसत नाही. भाषेत काही वर्ण वारंवार येतात, काही क्वचित. चिन्हे बदलली तरी ही वारंवारता बदलत नाही. बगदादच्या अल्-किंदीने नवव्या शतकातच या मार्गाने गुप्तलेख उलगडण्याची रीत लिहून ठेवली होती. त्यात आपल्या ग्रंथांची धाटणी पाहा. लीळाचरित्रात 'सर्वज्ञें म्हणितलें' ही शब्दजोडी पानोपानी येते. कोणतीही सांकेतिक पोथी घेऊन वारंवार येणारा एक ठरावीक चिन्हसमूह हेरला आणि तो हाच असावा असा तर्क केला, की आठ-दहा वर्ण एकदम हाती येतात. उरलेले मग लपून राहात नाहीत.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि शतकानुशतके मठांतून बंद राहिलेले मराठी गद्य अभ्यासकांपुढे आले. पंथातील कित्येकांस ते रुचले नसेल. मला मात्र वाटते की ती कोंडी फुटली नसती तर म्हाइंभटांचे नाव आज मराठीच्या पाठ्यपुस्तकात नसते. शिवाय न वाचलेल्या ग्रंथांविषयी लोक वाटेल ते बोलतात, हा अनुभवही आपणांस पुष्कळ आला आहे.

या लिप्यांचे खरे दौर्बल्य कोठे होते? रीत हीच किल्ली होती. रीत एकदा कळली की त्या लिपीतील सर्व पोथ्या एकाच दिवशी उघड्या. १८८३ साली ऑगुस्त केरकॉफ्स या डच पंडिताने युद्धातील गुप्तलेखनाविषयी नियम घातला की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी अडचण येऊ नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली. आजचे संगणकशास्त्र याच नियमावर उभे आहे. २००१ साली अमेरिकेत प्रमाण ठरलेली एईएस ही पद्धत कोणीही वाचू शकतो. तिच्या सर्वांत लहान किल्लीत शून्य वा एक अशी १२८ स्थाने असतात आणि अशा किल्ल्यांची संख्याही ३९ अंकीच भरते! म्हणजे बळ केवळ किल्ल्यांच्या संख्येत नाही. ती पद्धत मजकुराचे तुकडे करून पुन्हा पुन्हा असे घुसळते की वर्णांच्या वारंवारतेचा मागमूस उरत नाही. हे घुसळणेच सकळ लिपीत नव्हते.

दुसरा भेद याहून सूक्ष्म आहे. सकळ लिपीची किल्ली देण्यास गुरुशिष्यांची भेट हवी. जालन्याहून रिद्धपूरला पाठविलेला संदेश मात्र मनोरे, तारा आणि कित्येक परक्या यंत्रांतून जातो. त्याच वाटेने किल्ली पाठविली तर वाटेवरचा तीही टिपून घेईल. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी यावर जो उपाय प्रसिद्ध केला तो लहान अंकांनी पाहू. ११ हा भाजक आणि २ हा पाया, हे दोन्ही अंक सर्वांस माहीत. जालन्याचा गृहस्थ मनात ३ धरतो. दोनचा तिसरा घात ८, तो उघडपणे पाठवितो. रिद्धपूरचा मनात ४ धरतो. दोनचा चौथा घात १६, अकराने भागून बाकी ५, तो तीच पाठवितो. आता जालन्याचा ५ चा तिसरा घात करतो : १२५, बाकी ४. रिद्धपूरचा ८ चा चौथा घात करतो : ४०९६, बाकी पुन्हा ४. दोघांस एकच किल्ली मिळाली आणि ती वाटेवरून गेलीच नाही. येथे अंक लहान असल्याने कोणीही मनातले अंक शोधून काढील. प्रत्यक्षात ते शेकडो अंकी असतात, तेव्हा बाकीवरून घात शोधणे आजच्या संगणकांसही साधत नाही.

लेखकूंनी यातील एक गोष्ट आधीच ओळखली होती. जुन्या पोथ्यांच्या शेवटी ग्रंथसंख्या देत, बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ. अक्षर गळले तर मोजणीत कळे, एकाचे दुसरे झाले तर कळत नसे. संगणक संपूर्ण मजकुरावरून अशी एक संख्या काढतो की एक वेलांटी बदलली तरी सारी संख्या पालटते.

त्या विद्यार्थ्यास अजून एक सांगावयाचे राहिले आहे. वर सांगितलेल्या व्यवहारात रिद्धपूरचा म्हणून मधलाच कोणी बसला आणि त्याने दोन्हीकडे वेगवेगळ्या किल्ल्या जुळविल्या, तर गणितास ते समजत नाही. यास्तव व्हॉट्सअ‍ॅपमध्ये त्या कुलपास स्पर्श केला की साठ अंकांची एक संख्या दिसते. ती दोघांकडे सारखी असली म्हणजे मधे कोणी नाही. ती पडताळण्याचा एक खात्रीचा मार्ग असा : दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांस अंक वाचून दाखवावेत. पुढच्या यात्रेस तो आला म्हणजे आम्ही तसेच करणार आहोत.