नाते गावचा संगणक मुंबईतून उठवायचा तर

महाडहून रायगडाकडे जाताना लागणारं नाते हे देशाचे माजी अर्थमंत्री सी. डी. देशमुख यांचं जन्मगाव. इथली बरीचशी घरं आज मुंबई-पुण्यातल्या नोकरीवर चालतात. अशा एखाद्या घरात डेस्कटॉप असतो. त्यात सातबाऱ्याचे स्कॅन असतात, भाऊबंदकीच्या केसचे कागद असतात, लग्नांचे फोटो असतात. एखादा कागद नेमका ठाण्यात बसल्यावर लागतो. मग काकांना फोन करून बटण दाबायला सांगायचं, आणि काका शेतावर. संगणक बारा महिने चालू ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तो झोपलेला ठेवावा आणि लागेल तेव्हा दुरून उठवावा. यालाच ‘वेक ऑन लॅन’ म्हणतात.

कृतीआधी आत काय होतं ते बघू, कारण पुढच्या निम्म्या अडचणी त्यातूनच येतात. संगणक झोपला तरी प्लग चालू असेपर्यंत पॉवर सप्लाय मदरबोर्डला पाच व्होल्टची एक बारीक धार देत राहतो. तिच्यावर नेटवर्कची चिप जागी असते. बहुतेक स्वस्त बोर्डांवर ती रिअलटेकची असते, ऑफिसातून निघालेल्या जुन्या मशीनवर बऱ्याचदा इंटेलची. विंडोज बंद, प्रोसेसर बंद, पण ही चिप केबलवरून येणारा एकेक संदेश तपासत असते. तिला हवा असतो एकच साचा: आधी सहा बाइट ‘एफएफ’, आणि मग त्याच चिपचा सहा बाइटांचा मॅक पत्ता लागोपाठ १६ वेळा. ६ आणि ९६ मिळून १०२ बाइट. हा साचा दिसला की चिप मदरबोर्डला इशारा देते आणि मशीन सुरू होतं. एएमडीने १९९५ मध्ये हा साचा ‘मॅजिक पॅकेट’ या नावाने मांडला. आजही तो तसाच आहे. यात आयपी पत्त्याचा संबंध नाही आणि पासवर्डही नाही, हे दोन्ही लक्षात ठेवा.

१. केबल. संगणक राउटरला लॅन केबलनेच जोडा. वायफायवरून उठवणं कागदावर शक्य आहे, पण डेस्कटॉपच्या बाबतीत त्याच्या नादी लागू नये.

२. बायोस. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून आत जा. पॉवरच्या पानावर ‘वेक ऑन लॅन’ किंवा ‘पॉवर ऑन बाय पीसीआय-ई’ असं काहीतरी असेल, ते चालू करा. तिथेच ‘ईआरपी’ किंवा ‘डीप स्लीप’ असेल, ते बंद करा. वीज वाचवायला ते ती बारीक धारच तोडतं, म्हणजे चिप उपाशी.

याच पानावरची तिसरी सेटिंग बाकीच्या लेखांत सहसा नसते, पण कोकणात तीच सगळ्यात महत्त्वाची: लाइट गेल्यावर परत आली की मशीनने काय करायचं? तिथे ‘पॉवर ऑन’ निवडा. कारण असं, की चिपला कान उघडे ठेवायला सांगतो तो विंडोजचा ड्रायव्हर, झोपायच्या आधी. लाइट पूर्ण गेली की बऱ्याच बोर्डांवर ती सूचना पुसली जाते. लाइट येते, प्लग चालू असतो, केबल जागेवर असते, आणि तरी मशीन उठत नाही. ‘पॉवर ऑन’ असेल तर लाइट येताच ते आपणहून सुरू होतं, थोड्या वेळाने पुन्हा झोपतं आणि झोपताना चिपला नव्याने सूचना देतं.

३. विंडोज. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. ‘पॉवर मॅनेजमेंट’च्या टॅबमधल्या तिन्ही चौकोनांत टिक करा. तिसरा चौकोन फक्त मॅजिक पॅकेटनेच उठण्याचा असतो. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘वेक ऑन मॅजिक पॅकेट’ चालू ठेवा आणि ‘वेक ऑन पॅटर्न मॅच’ बंद करा, नाहीतर मशीन रात्री-अपरात्री स्वतःच उठून बसेल. मग कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ काढून टाका. तो चालू असताना शटडाउन केलं तर विंडोज चिपला उठवण्याची परवानगीच देत नाही.

४. स्लीप की हायबरनेट? शहरात मी स्लीप म्हणेन, नाते गावी हायबरनेट. स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्ये असतं आणि लाइट गेली की ते गेलंच. हायबरनेटमध्ये ते डिस्कवर लिहिलेलं असतं. मॅजिक पॅकेट दोन्हींतून उठवतं, हायबरनेटला थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. काही वेळ काम नसलं की आपोआप हायबरनेट व्हावं, अशी वेळ लावून ठेवा.

५. घरातल्या घरात चाचणी. मॅक पत्ता लिहून घ्या. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’, स्पेस, तिरकी रेघ आणि ‘ऑल’ टाइप केलं की तो ‘फिजिकल ॲड्रेस’ म्हणून दिसतो. मशीन हायबरनेट करा आणि मागे जिथे केबल खोचली आहे तिथले दिवे बघा. ते पूर्ण विझले असतील तर पुढे जाऊ नका, दुसऱ्या पायरीवर परत या. दिव्याचा रंग बदलला असेल तर घाबरू नका. झोपेत चिप वीज वाचवायला वेग खाली आणते, बऱ्याचदा १० मेगाबिटवर. आता त्याच वायफायवरच्या मोबाइलमधून वेक ऑन लॅनच्या एखाद्या ॲपमध्ये तो पत्ता टाकून पॅकेट पाठवा.

पुढे कधी ठाण्यातून फोनवर या दिव्यांचंच विचारावं लागेल.
“काका, डब्याच्या पाठी वायर खोचलीय ना, तिथे दिवा आहे का?”
“पिवळा आहे. हिरवा गेला.”
पिवळा पुरतो.

६. बाहेरून. खरी गोची इथे आहे. मॅजिक पॅकेट घरातल्या सगळ्यांना उद्देशून दिलेली हाक असते, आणि इंटरनेटवरून आलेली अशी हाक राउटर आत सोडत नाही. पोर्ट उघडण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण तो ऐकू नये. पॅकेटला पासवर्ड नाही हे वर आलंच. शिवाय गावातल्या फायबर किंवा फाइव्ह-जी जोडणीला बहुतेक वेळा स्वतःचा पत्ताच नसतो, कंपनी अनेक घरांना मिळून एक देते. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही त्या वाटणीत आहात आणि बाहेरून दार नाही.

म्हणून घरात एक जागता गडी ठेवायचा. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा बोटभर लांबीचा बोर्ड मोबाइलच्या चार्जरवर चालतो. त्यात टेलस्केल (दूरदूरची उपकरणं एकाच खासगी जाळ्यात जोडणारं ॲप) आणि ‘वेकऑनलॅन’ हे छोटं साधन टाका, मोबाइलमध्येही टेलस्केल टाका. ठाण्यातून पायवर लॉगिन करायचं, ‘वेकऑनलॅन’पुढे मॅक पत्ता द्यायचा, आणि हाक घराच्या आतून दिली जाते. संगणकावर टेलस्केल असून भागत नाही, झोपलेल्या मशीनवर तो झोपलेलाच असतो. जुना अँड्रॉइड फोनही हे काम करतो, पण सतत चार्जिंगला लावलेल्या फोनची बॅटरी फुगते. बंद घरात ते नको.

राउटर, फायबरचा डबा आणि पाय हे तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

७. पाऊस. वीज कडाडू लागली की घरचे सगळे प्लग काढतात. त्यांना अडवू नका, ते बरोबर करतात. लॅन केबलही काढायला सांगा. चिप मरते ती बहुधा अशाच झटक्याने. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली गेलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना मशीन माळ्यावर ठेवा असं वेगळं सांगायला नको. प्लग परत लागला की दुसऱ्या पायरीतली ‘पॉवर ऑन’ आपलं काम करते.

८. निघण्यापूर्वी. मशीन हायबरनेट करा, मोबाइलचं वायफाय बंद करा आणि अंगणात उभं राहून मोबाइल डेटावरून उठवून बघा. मग मेन स्विच पाडा, वर करा, मशीन आपणहून सुरू होऊन पुन्हा झोपेपर्यंत थांबा आणि परत एकदा उठवा. ही दुसरी चाचणी टाळली तर पहिल्या पावसात कळेल.

मशीन कशाने उठलं असा संशय आला तर त्याच काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’, स्पेस, तिरकी रेघ आणि ‘लास्टवेक’. दुरून काम संपल्यावर ‘शटडाउन’, स्पेस, तिरकी रेघ आणि ‘एच’. याने ते हायबरनेटमध्ये जातं.