दवाखान्याच्या परसातील औषधी वनस्पती : कीड, पर्णरोग व निर्धोक उपचार

प्रस्तावना

अनेक वैद्य दवाखान्याच्या परसात, गच्चीवर किंवा घरालगतच्या मोकळ्या जागेत तुळस, अडुळसा, कोरफड, गुळवेल, निर्गुंडी, शतावरी, अश्वगंधा अशा वनस्पती लावतात. ताजे द्रव्य हाताशी असते, त्याच्या ओळखीविषयी शंका राहत नाही व रुग्णास स्वरस किंवा कल्क तत्काळ देता येतो. परंतु या वनस्पतींवर मावा पडला किंवा पाने करपू लागली, की बहुधा शेतीसेवा केंद्रातून एखादे कीटकनाशक आणून फवारले जाते. गुलाबाच्या झाडावर हे चालून जाते. औषधी वनस्पतीच्या बाबतीत मात्र झाडाचे पान हेच उद्याचे औषध असते. पानावर फवारलेल्या द्रव्याची मात्रा अप्रत्यक्षपणे रुग्णालाच दिली जाते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील कलम ३३ ईईसी अन्वये, स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास उत्पादनविषयक बंधनांतून सूट आहे. साहजिकच परवानाधारक औषधनिर्मात्याकडे कच्च्या द्रव्याची जी तपासणी अपेक्षित असते, ती परसातील पानाची होत नाही. त्या पानाचा परीक्षक वैद्य स्वतःच असतो. प्रस्तुत लेखात कीड व रोग यांची ओळख, उपचारांचा क्रम आणि वर्ज्य गोष्टी यांचा व्यवहाराच्या दृष्टीने विचार केला आहे.

शास्त्रदृष्टी

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात कृमी, विष, शस्त्र, ऊन, वारा, अग्नी, पाणी इत्यादींनी उपहत न झालेली वनस्पती औषधासाठी घ्यावी असे सांगितले आहे. येथे कृमी आणि विष हे दोन्ही दोष एकत्र मोजलेले आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कीड घालवण्यासाठी विष वापरले तर एक दोष जाऊन दुसरा येतो. द्रव्य ग्राह्य होत नाही. सुरपालकृत वृक्षायुर्वेदात वनस्पतींच्या रोगांचाही वात, पित्त व कफ यांच्या आधारे विचार केलेला आहे. मात्र त्यातील सर्वच उपाय औषधी पानांवर जसेच्या तसे वापरता येणार नाहीत. मांसादी द्रव्ये कुजवून केलेले कुणपजल हे मुळांचे खत आहे. ज्या पानांचा स्वरस कच्चाच द्यावयाचा, त्यांवर ते शिंपडणे योग्य नाही. शेणाच्या स्लरीलाही हाच नियम लागू आहे.

कल्पनेनुसार विचार

उपचार ठरवण्यापूर्वी त्या वनस्पतीचे कोणते अंग कोणत्या कल्पनेत वापरणार, हे पाहावे.

१) स्वरस व कल्क : पान कच्चेच पोटात जाते. अग्निसंस्कार नसल्याने रासायनिक अवशेष व जंतू दोन्ही जसेच्या तसे पोहोचतात. येथे सर्वाधिक काळजी हवी.

२) क्वाथ : उकळल्याने जंतू मरतात, पण सर्व कीटकनाशकांचा नाश होतो असे मानू नये.

३) चूर्ण : पान वाळताना पाणी उडते, अवशेष मागे राहतात. म्हणजे वजनाच्या प्रमाणात ते वाढतात.

४) सिद्ध तेल व घृत : अनेक कीटकनाशके स्नेहात विरघळणारी असल्याने ती तेलात उतरतात.

५) धूम : तापल्यावर काही द्रव्यांचे विघटन होऊन मूळ द्रव्याहून अधिक घातक वायू तयार होतात व ते थेट फुप्फुसांत जातात.

म्हणून ‘हे औषध भाजीपाल्यावर चालते, मग तुळशीवर का नाही?’ हा युक्तिवाद टिकत नाही. भाजीपाल्यासाठी फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवावे हे त्या त्या पिकासाठी ठरवलेले असते. तुळस, अडुळसा, गुळवेल यांसारख्या वनस्पतींसाठी बहुतेक रासायनिक कीटकनाशकांची शिफारसच नाही. त्यामुळे असे सुरक्षित अंतरही निश्चित झालेले नाही. डब्यावरील हिरवा त्रिकोण तीव्र विषारीपणा कमी असल्याचे दाखवतो. ते द्रव्य औषधी पानावर चालेल असे तो सांगत नाही.

निदान

आधी निदान, मग चिकित्सा, हा क्रम झाडालाही लागू आहे. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग जवळ ठेवावे आणि आठवड्यातून एकदा पानांची खालची बाजू पाहावी. बहुतेक कीड तेथेच असते.

तुळस : पाने आकसणे, वळणे, फिकट ठिपके पडणे आणि खालच्या बाजूस डांबरासारखे काळे बारीक ठिपके दिसणे, ही जाळीदार पंखांच्या ढेकणाची लक्षणे होत. हा कीटक अतिशय लहान असून पानांतील व कोवळ्या शेंड्यांतील रस शोषतो. पाणी कमी पडले असे समजून अनेक जण केवळ पाणी वाढवतात. त्याने कीड जात नाही.

अश्वगंधा : पानाचा हिरवा भाग खरवडून केवळ शिरांची जाळी उरली असेल, तर अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा व त्याच्या काटेरी पिवळसर अळ्या शोधाव्यात. वांग्यावर पडणारी हीच कीड होय. मावा खाणाऱ्या उपकारक ढालकिड्याशी हिचे साम्य आहे. म्हणून ओळख न पटवता मारू नये.

गुळवेल : पाने कुरतडणाऱ्या मोठ्या अळ्या बहुधा फळातील रस शोषणाऱ्या पतंगाच्या असतात. या पतंगाची अळी गुळवेलीवर वाढते व पतंग संत्रा-मोसंबीची फळे टोचतो. म्हणूनच विदर्भातील संत्रा बागांच्या परिसरातून गुळवेल काढून टाकण्याचा सल्ला बागाईतदारांना दिला जातो. बागेशेजारी वेल लावणाऱ्या वैद्याने याचे भान ठेवावे. औषधात काण्ड वापरले जात असल्याने पाने थोडी खाल्ली गेली तरी फवारणीची गरज नाही. अळ्या हाताने वेचाव्यात.

कोरफड : बुडाशी पांढरा कापसासारखा थर असल्यास पिठ्या ढेकूण समजावा. पान मऊ, पाणीदार होऊन दुर्गंधी येत असेल तर ती कूज आहे व तिचे कारण बहुधा अतिरिक्त पाणी हे असते.

सर्वसामान्य लक्षणे : पानावर बोटाने पुसली जाणारी पांढरी भुकटी म्हणजे भुरी, कोरड्या व थंड दिवसांत ती वाढते. तपकिरी, वलयांकित ठिपके म्हणजे बहुधा करपा. तो पावसाळी ओलाव्यात पसरतो. उन्हाळ्यात पाने धुरकट, निस्तेज होऊन बारीक जाळी दिसली तर लाल कोळी समजावा. पांढऱ्या कागदावर पान झटकल्यास हलणारे ठिपके दिसतात. केवळ खालची जुनी पाने सारखी पिवळी पडत असतील, तर तो रोग नसून पोषणाचा अभाव किंवा पाण्याचा अतिरेक असण्याचा संभव अधिक.

उपचारक्रम

अल्पबल उपायापासून क्रमाने पुढे जावे.

१) निदानपरिवर्जन : दाटी कमी करावी, हवा खेळती ठेवावी, पाणी सकाळी व मुळाशी द्यावे, पानांवर नव्हे. कुंडीतून पाण्याचा निचरा व्हावा. नवे रोप आणल्यास दोन आठवडे वेगळे ठेवावे.

२) अपकर्षण : रोगट पाने व शेंडे छाटून पिशवीत बंद करून टाकावेत, झाडाखाली पडू देऊ नयेत. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावी. अळ्या व अंडीपुंज हाताने वेचावेत.

३) जलधारा : मावा व लाल कोळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बऱ्याच अंशी निघून जातात. पानांच्या खालून धार मारावी व दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करावे. हे सकाळीच करावे, म्हणजे पाने लवकर सुकतात.

४) मुंग्यांचा बंदोबस्त : मावा व पिठ्या ढेकूण यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांचे रक्षण करतात. कुंडी पाण्याच्या थाळीत उंचवट्यावर ठेवल्यास मुंग्यांची वाट बंद होते.

५) साबणपाणी : एक लिटर पाण्यात सुमारे ५ ग्रॅम मऊ साबण विरघळवून कीटकांच्या अंगावर फवारावा. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. आधी एका फांदीवर प्रयोग करून दोन दिवस पाहावे. साबणाने अंडी मरत नाहीत. म्हणून ५ ते ७ दिवसांनी पुन्हा फवारणी करावी. दुसऱ्या दिवशी झाड स्वच्छ पाण्याने धुवावे.

६) निंबोळी अर्क : ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, म्हणजे ५ टक्के अर्क होतो. उन्हाने त्याचे वीर्य घटते, म्हणून सायंकाळी फवारावा. अर्क ताजाच वापरावा.

७) भुरीसाठी : एक भाग दूध व नऊ भाग पाणी यांची फवारणी आरंभीच्या अवस्थेत उपयोगी पडते. रोग बळावला असल्यास झाड मुळापासून थोडे वर छाटून नवी पालवी येऊ द्यावी.

येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. निंबोळी अर्कासह कोणतीही फवारणी झालेली पाने औषधात घेऊ नयेत. ती छाटून टाकावीत व नंतर आलेली पालवी वापरावी. कडुनिंब वानस्पतिक आहे म्हणून निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. कडुनिंबाचे तेल पाजल्याने लहान मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

वर्ज्य गोष्टी

तंबाखूचा काढा घरगुती उपाय म्हणून सांगितला जातो. त्यातील निकोटिन तीव्र विष असून ते त्वचेतूनही शोषले जाते. औषधी वनस्पतींवर तो कदापि वापरू नये. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसात भिनतात. ती धुऊन निघत नाहीत व नव्या पालवीतही उतरतात. बोर्डो मिश्रणाने पानांवर तांब्याचा थर राहतो. मुळे औषधात घेतली जाणाऱ्या शतावरी-अश्वगंधेच्या आळ्यात दाणेदार कीटकनाशक टाकू नये. डास-झुरळांसाठीचे घरगुती फवारे झाडांजवळ मारू नयेत. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही. फवारणारा हातही सुरक्षित राहिला पाहिजे.

विजयेच्या उदाहरणातील बोध

विजया हे आपल्या शास्त्रातील उपविष असून नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये तिचा समावेश आहे. अंमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय तिची लागवड करणे गुन्हा आहे. परसात एक रोप लावण्याचीही मुभा वैद्यास नाही. परंतु कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत प्रौढ व्यक्तींच्या घरी चार रोपांपर्यंत लागवड कायदेशीर आहे व तेथील अनुभव सर्वच औषधी वनस्पतींना लागू पडतो. त्यापूर्वी, २०१६-१७ च्या सुमारास, तेथील परवानाधारक उत्पादकांच्या औषधी गांजात मायक्लोब्युटानिल हे बुरशीनाशक आढळले व माल परत मागवावा लागला. द्राक्षावरील भुरीसाठी ते मान्यताप्राप्त आहे. परंतु तापवल्यावर त्यापासून हायड्रोजन सायनाइड तयार होऊ शकतो, आणि गांजाचा वापर प्रामुख्याने धूमरूपाने होतो. द्रव्य तेच, रोगही तोच. सेवनाची पद्धत बदलताच सुरक्षिततेचा निकष बदलला.

औषधनिर्माते व दुकानदारांसाठी

विकत घेतलेल्या मालाबाबत उगमाची चौकशी करावी. गुळवेल कोणत्या झाडावरची, कोणत्या बांधावरची? आंबा, द्राक्ष किंवा कपाशीवर मारलेली फवारणी शेजारच्या वेलीवर व कुंपणाच्या अडुळशावरही पडते. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशात कीटकनाशकांचे अवशेष, जड धातू, जंतू व अफ्लाटॉक्सिन यांच्या मर्यादा दिलेल्या आहेत. मोठ्या खरेदीत त्या चाचण्यांचा अहवाल मागावा. ओलसर, बुरशीचा वास असलेली पाने स्वस्त मिळाली तरी नाकारावीत. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने २००९ मध्ये उत्तम लागवड व संकलन पद्धतींची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. पुरवठादारास ती दाखवून त्यानुसार लेखी हमी घ्यावी.

परसबागेसाठीही एक वही ठेवावी. तारीख, वनस्पती, लक्षण, केलेला उपाय व पुढील संकलनाचा दिवस, एवढ्या नोंदी पुरेत. मदतनीस बदलला तरी कोणत्या कुंडीवर काय फवारले हे कळते.

सारांश

प्रथम निदान, नंतर छाटणी व पाणी, त्यानंतर साबण व निंबोळी, आणि तरीही यश न आल्यास ते रोप उपटून टाकणे, हा क्रम असावा. एका तुळशीच्या रोपाचे मोल फार नसते. तिच्या स्वरसावर विश्वासून बालकास चमचा पाजणाऱ्या मातेचा विश्वास मात्र पुन्हा मिळवता येत नाही. जे पान आपण आपल्या घरातील रुग्णास निःशंकपणे देऊ, तेच दवाखान्यात द्यावे.