महिन्याला किती किलो?

जिममध्ये नव्याने आलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारतो. त्याचं खरं उत्तर दिलं तर तो पुढची फी भरेलच याची खात्री नसते, म्हणून बहुतेक ठिकाणी ते दिलंच जात नाही. ‘सर, महिन्याला किती किलो मसल येईल?’ अनुभवी प्रशिक्षकांचा ठोकताळा असा आहे: खाणं, झोप, व्यायाम सगळं नीट जमलं, तर पहिल्या वर्षी महिन्याला अर्धा ते एक किलो. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मं, तिसऱ्या वर्षी त्याच्याही निम्मं. चौथ्या वर्षापासून वर्षाकाठी किलो-दीड किलो आलं तरी पेढे वाटावेत. बायकांनी हे आकडे साधारण निम्मे धरावेत.

मी जिम लावली तेव्हा तिथल्या भिंतीवर ‘तीन महिन्यांत दहा किलो’ असा फलक होता आणि त्याखाली आधीचे-नंतरचे फोटो. पॅकेजमध्ये वेळापत्रक, डाएटचा कागद आणि मास गेनरचा भलामोठा डबा. दुधात तीन स्कूप, सोबत चार केळी, असं दिवसातून दोनदा. वजन खरोखरच नऊ किलोंच्या आसपास वाढलं. ट्रेनरने पाठ थोपटली, माझा फोटोही काढला. घरी मात्र बायकोने शर्ट हातात घेऊन सांगितलं, ‘बाह्या तशाच आहेत, पोटावरची बटणं तेवढी तुटायला आलीत.’ टेप लावली. दंड पाऊण इंच, कंबर चार इंच.

मग ते नऊ किलो होते कसले? सुरुवातीला एक-दोन किलो निव्वळ पाणी असतं. व्यायाम आणि भरपूर पिष्टमय खाणं सुरू झालं की स्नायू ग्लायकोजेन साठवतात आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतात. क्रिएटिन चालू असेल तर आणखी एखादा किलो त्याच खात्यात. (क्रिएटिन वाईट नाही. रोज तीन ते पाच ग्रॅम घेतल्याने फायदा होतो हे चांगलं तपासलेलं आहे. पण पहिल्या आठवड्यातला किलो हा स्नायू नव्हे.) उरलेल्यात थोडा स्नायू आणि बाकी चरबी. डब्याच्या मागचा तक्ता मी नंतर वाचला. पहिला घटक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे महागात घेतलेली साखरेची चुलतबहीण.

फसवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ताकद. पहिल्या दीड-दोन महिन्यांत बेंच प्रेसचा आकडा दर आठवड्याला चढतो आणि आपण मनात म्हणतो, स्नायू येतोय. तो आकडा मुख्यत्वे मज्जासंस्थेचा असतो. आहे तोच स्नायू एकजुटीने वापरायला मेंदू शिकतो. आरशात दिसण्याजोगा स्नायू नंतर येतो आणि फार हळू येतो.

आपल्याकडे या ‘आधी फुगा, मग कापा’ पद्धतीचा धोका जरा जास्तच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला फोटो अनेकांनी पाहिला असेल. शेजारी त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. हडकुळा दिसणारा आपला माणूस आतून बऱ्याचदा चरबीचाच असतो. त्याला रोज हजार कॅलरी जास्तीच्या कोंबल्या तर त्या दंडाला न लागता पोटावर जाऊन बसतात.

फलकावरच्या दहा किलोंचा हिशोब कधीतरी मांडून बघावा. 1995 साली कौरी आणि सहकाऱ्यांनी दीडशेहून अधिक खेळाडूंची मापं घेतली. चरबी वगळून उरलेलं वजन किलोत घ्यायचं आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. स्टिरॉइड न घेणाऱ्यांचा हा निर्देशांक साधारण 25 च्या आत राहिला. अपवाद असतात. स्टिरॉइडपूर्व काळातल्या ‘मिस्टर अमेरिका’ विजेत्यांची सरासरी त्यांनी 25.4 काढली होती, पण ते मिस्टर अमेरिका होते. आता पाच फूट सात इंचांचा, 65 किलोंचा, 18 टक्के चरबीचा मुलगा घ्या. चरबी वगळता तो 53 किलो. 25 चा निर्देशांक गाठायचा तर 72 किलो हवेत, म्हणजे जन्मभराची कमाल कमाई 19 किलो आणि तीही फार थोड्यांच्या नशिबी. फलक त्यातला निम्मा हिस्सा तीन महिन्यांत द्यायला निघालेला असतो.

इथपर्यंत प्रकरण पैशांचं आणि शर्टांचं. खरा घात पुढे होतो. माझ्याच बॅचमधला एक मुलगा, बावीस-तेवीसचा, मनापासून मेहनत करणारा. सहा महिन्यांत त्याचे तीनेक किलो वाढले होते, म्हणजे अगदी योग्य चालला होता. पण फलकाच्या हिशोबाने तो नापास. त्याला सांगण्यात आलं, ‘तुझी बॉडी रिस्पॉन्स देत नाही, एक छोटा कोर्स करून घे.’ त्याने सुई घेतली. पुढच्या गणपतीला तो ओळखू येत नव्हता. वर्षभराने पाठभर पुळ्या, छातीला गाठी आणि लग्न ठरत असताना वीर्यतपासणीचा वाईट अहवाल. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि ते पुन्हा कधी सुरू होईल याची हमी कुणी देत नाही. त्यात आता मेफेंटरमाइनचं फॅड आलंय. ऑपरेशनच्या वेळी पडलेला रक्तदाब वर आणायचं ते इंजेक्शन. त्याने स्नायू येत नाही, नुसतं हृदय पळवलं जातं.

1996 साली भसीन आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मी अशा मुलांना आवर्जून सांगतो. दहा आठवडे, वजनं उचलण्याचा अनुभव असलेले पुरुष. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन सुमारे दोन किलो वाढलं. व्यायाम न करता आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचं तीन किलो, आणि दोन्ही करणाऱ्यांचं सहा. घाम न गाळता सुई घेणारा पुढे निघून गेला, हे कटू आहे पण खरं आहे. आणि सुई व व्यायाम मिळूनही फलकावरचा वेग गाठला जात नाही, हेही त्याच आकड्यांत दिसतं.

आता करायचं काय, तर फार काही नाही. वजन रोज सकाळी शौचानंतर करा, पण बघायची ती आठवड्याची सरासरी. महिन्याला किलोभर वाढ पुरे, त्याहून जास्त असेल तर खाणं कमी करा. जास्तीच्या कॅलरी दोन-तीनशेच असाव्यात, म्हणजे एक वाटी भात आणि मूठभर शेंगदाणे. प्रथिनं शरीराच्या दर किलोला 1.6 ग्रॅमपर्यंत. त्यापुढे फारसा फायदा दिसलेला नाही. 65 किलोंच्या माणसाला हे 104 ग्रॅम होतात आणि वरण-भातावर ते भरत नाहीत, कारण आमटीच्या वाटीत डाळ असते किती! चार अंडी 24, अर्धा लिटर दूध 16, पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स 26, शंभर ग्रॅम पनीर 18. उरलेलं उसळ आणि पोळ्या भरून काढतात. डबा घ्यायचाच तर साधा व्हे घ्या, गेनर नको.

प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा काम द्या आणि उचललेली वजनं वहीत लिहा. जिममधल्या यंत्राच्या चरबीच्या टक्केवारीवर जीव लावू नका, दोन ग्लास पाणी प्यायलं की ती बदलते. साधी शिंप्याची टेप घ्या. बेंबीच्या रेषेत कंबर आणि सैल सोडलेला दंड, महिन्यातून एकदा, व्यायामाआधी. व्यायामानंतर मोजलेला दंड हा रक्ताने फुगलेला असतो. भिंतीवरचे बरेच फोटो त्याच अर्ध्या तासात, तेल लावून काढलेले असतात. काही फोटोंतला माणूस आधी कधीतरी कमावलेलं शरीर परत मिळवत असतो. गेलेला स्नायू नव्यापेक्षा लवकर परततो, आणि ही गोष्ट फोटोखाली लिहिलेली नसते.

आणि कुणी आधीच सुई घेतली असेल, तर जिममधल्याच कुणाला विचारून ‘उतरवण्याच्या’ गोळ्या सुरू करू नयेत. एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे जावं आणि काय घेतलं, किती घेतलं, कुणी दिलं, सगळं सांगावं. आई-वडिलांसमोर बोलायचं नसेल तर त्यांना बाहेर बसायला सांगावं. डॉक्टर हार्मोन, लिपिड, यकृत तपासतील, गरज वाटली तर हृदयाचा एकोही सांगतील. आमच्या बॅचमधला तो मुलगा गेला तेव्हा त्याच्यासोबत रिकाम्या बाटल्यांची पिशवी होती. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग झाला, कारण लेबलवर एक औषध होतं आणि त्याला सांगितलं गेलं होतं भलतंच.