पाखरे डोंगरावर का गेली?

आपला सह्याद्री कसा झाला, ठाऊक आहे ना? जमिनीच्या पोटातून तापलेला दगडाचा रस वर आला. तो पसरला, निवाला आणि त्याचा काळा कातळ झाला. पॅसिफिक महासागरात हवाई नावाची बेटे आहेत. तीही अशाच रसाची बनली आहेत. आज ते अमेरिकेचे एक राज्य आहे.

त्यांतल्या कौआई बेटावर आपण पाखरे पाहायला जाऊ. आम्हीसुद्धा तेथे नकाशावरूनच गेलो आहोत. पण वाट चुकणार नाही.

पायथ्याशी पहिली भेटते ती साळुंकी. होय, आपलीच! पिकावरच्या अळ्या खाईल म्हणून १८६५ साली ती हिंदुस्थानातून तिकडे नेली. पण त्या रानाची मूळची पाखरे? ती खाली बहुतेक दिसतच नाहीत.

मग चढू लागावे. सुमारे चार हजार फुटांवर अलकाई नावाचे दलदलीचे रान लागते. शेजारच्या वैआलेआले शिखरावर वर्षाला चारशे इंचांहून जास्त पाऊस पडतो. आंबोलीचा पाऊसही त्यापुढे कमीच! पाय चिखलात रुततात, म्हणून वाटेवर फळ्या टाकल्या आहेत. चोहीकडे धुके असते. झाडांच्या खोडांवर शेवाळ चढलेले असते. ही झाडे ओहियाची. निवलेल्या काळ्या कातळावर आधी रुजणाऱ्या झाडांतले हे एक. फुले तांबडी, तुऱ्यासारखी.

इथे गप्प उभे राहावे. धुक्यात आधी कान कामाला येतात, डोळे मागून. फुलांवर ईईवी येतो. अंग शेंदरी, पंख काळे, चोच लांब आणि वाकडी. आपल्या शिंजीरासारखा तो फुलांतला मध पितो.

तो खालच्या रानात का नाही? कारण डास. पूर्वी या बेटांवर डासच नव्हते. १८२६ साली एक जहाज आले. खलाशांनी पिंपांच्या तळचे शिळे पाणी ओढ्यात ओतले, असे सांगतात. त्या पाण्यात डासांच्या अळ्या होत्या. आपल्या रांजणात वळवळतात तशाच! आपल्याकडे गटारीत वाढतो आणि हत्तीरोग पसरवतो, त्याच जातीचा हा डास. पुढे बाहेरून आणलेल्या पाखरांबरोबर पाखरांचा हिवतापही आला. तो माणसाला होत नाही. पण ईईवीला असा रोगी डास एकदा जरी चावला, तरी दहांतले नऊ ईईवी मरतात. थंडीत या रोगाचे जंतू वाढत नाहीत. म्हणून डोंगरावरची पाखरे तेवढी वाचली.

आता हवा तापते आहे आणि डासही वर चढत आहेत. कौआईचा डोंगर फार उंच नाही. पाखरांनी आणखी वर जायचे कुठे? या रानात ओओ नावाचे पाखरू होते. शेवटी एकच नर उरला. मादीसाठी तो साद घालत राही. उत्तर देणारे कोणी नव्हते. १९८७ नंतर ती सादही कोणी ऐकली नाही. ध्वनिफितीवर तेवढी राहिली आहे.

उपाय चालू आहे, तो ऐकून तुम्ही हसाल. डास मारायला डासच सोडतात! २०२३ सालापासून माउई बेटावर हेलिकॉप्टरमधून नर डास सोडू लागले. नर चावत नाही. या नरांच्या अंगात एक खास जंतू असतो. त्यांच्याशी जोडा जमला, की रानातल्या मादीची अंडी फुटतच नाहीत.