आकडा तोच, पण उत्तर कशाचं?

प्रश्न : प्रकल्पासाठी कुंडी भंडारा या भूमिगत जलव्यवस्थेतल्या पाण्याची शुद्धता टीडीएस मीटरने मोजली. दरवेळी आकडा तोच आला. मोजमाप ग्राह्य ना?
– एक विद्यार्थिनी, बुऱ्हाणपूर

उत्तर : तोच आकडा येणं ही विश्वसनीयता; जे मोजायचं तेच मोजलं जाणं, ही वैधता वेगळी. मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला कळत नाहीत. सातपुड्यातून झिरपलेल्या या पाण्यात क्षार असणारच. भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएसची (एकूण विरघळलेल्या घनपदार्थांची) स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, ई. कोलाय हा जिवाणू मात्र १०० मिलिलिटर नमुन्यात अजिबात चालत नाही. पिण्यायोग्यता तपासायची असेल, तर निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळेत द्या. नाहीतर शीर्षकात ‘शुद्धता’ऐवजी ‘क्षारांचं प्रमाण’ लिहा. तेवढ्यापुरतं तुमचं मोजमाप उपयोगी आहे.