टनेल कापण्याआधी

“थोडं ठोकलं की बसतो.” जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये पाच गिअरचा बॉक्स घालायचा विचार बोलून दाखवला की हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवतंच. काही गाड्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. ट्रायम्फ टीआर-६ला वेगळी चासी असते आणि गिअरबॉक्सवरचं टनेल म्हणजे नुसतं झाकण. स्क्रू काढले की हातात येतं. ते कापा, फुगवा, नवं करून घ्या, गाडीच्या ताकदीत फरक पडत नाही. एमजीबीचं तसं नाही. १९६२ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीला वेगळी चासी नाहीच. बॉडी हीच चासी. छत नसलेल्या रोडस्टरमध्ये भार पेलायचा तो दारांखालच्या सिलनी, आडव्या क्रॉसमेंबरनी आणि दोन सीटांमधल्या या टनेलने.

माझी रोडस्टर १९६५ची. नोकरीमुळे इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो, तिथेच घेतली. आधीच्या मालकाने एका गॅरेजकडून तिच्यात बोर्ग-वॉर्नरचा टी-५ गिअरबॉक्स बसवून घेतला होता. बिल होतं, फोटो होते, काम ‘व्यावसायिक’ असल्याची ग्वाही होती. ताशी ५५ मैलांपर्यंत गाडी छान चालायची. त्यापुढे सीटखालून थरथर सुरू व्हायची. चाकं बॅलन्स करून झाली, तरी ती जाईना. दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या होत्या, म्हणून बॉडीवर कुणाचा संशय गेला नाही. सिल धडधाकट असल्या की फटी सारख्याच राहतात, टनेलची दशा काहीही असो. जुनी एमजीबी पाहायला जाणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

शेवटी सीट काढून गालिचा उचलला. टनेलच्या वरच्या भागाला आणि डाव्या कुशीला ग्राइंडरने मोठी खिडकी पाडलेली होती आणि तिच्यावर पातळ सपाट पत्रा पॉप रिव्हेटने मारून कडेने सीलंट फासलेलं होतं. निम्म्या रिव्हेटांभोवती काळपट वलयं उमटली होती, म्हणजे पत्रा हलत होता. बोट दाबलं तर ‘टक’ असा आवाज करून आत जायचा. आणि याच पत्र्याला, मागे फक्त एक वॉशर घालून, शेजारच्या सीटच्या पट्ट्याचा आतला बोल्ट आवळलेला होता. त्या सीटवर माझी मुलगी बसायची.

एमजीबीत पट्ट्याचं आतलं टोक टनेललाच अडकवलेलं असतं. कंपनीने तिथे जाड पत्र्याचा आधार दिलेला होता. कापणाऱ्याने तो कापलेल्या तुकड्याबरोबर फेकून दिला. इथल्या एमओटी तपासणीत पट्ट्याच्या बोल्टपासून ३० सेंटिमीटरच्या आतली दुरुस्ती सलग वेल्डिंगचीच लागते, तिथे रिव्हेट चालत नाहीत. पण ४० वर्षांवरच्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना २०१८पासून या तपासणीची सक्ती नाही. त्यामुळे असली कामं गालिच्याखाली वर्षानुवर्षं दडून राहतात.

थरथरीचं कारणही टनेलमध्येच सापडलं. खिडकी पुढे भरपूर मोठी पाडली होती, मागे मात्र पुरेशी नव्हती. त्यामुळे गिअरबॉक्सचं शेपूट वर घेता येईना आणि ते खाली लोंबत ठेवलं होतं. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो. तिरक्या कोनात फिरताना जॉइंटचा वेग दर फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. गिअरबॉक्सचा दांडा आणि डिफरन्शियलचा पिनियन एकमेकांना समांतर असले, तर एका जॉइंटची चूक दुसरा भरून काढतो. माझ्या गाडीत दोघांच्या कोनात तीन अंशांहून जास्त फरक निघाला. तो एका अंशाच्या आत हवा. म्हणून पत्रा कापण्याआधी अँगल गेज घेऊन, गाडी तिच्या चाकांवर उभी असताना दोन्ही कोन मोजा आणि लिहून ठेवा. टनेल किती उंच करायचं हे त्या आकड्यांवरून ठरतं, बॉक्स ‘मावतो’ की नाही यावरून नव्हे.

त्याहीआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: पाचवा गिअर कशासाठी हवाय? हायवेवर इंजिन शांत चालावं म्हणूनच ना? मूळ चार गिअरच्या बॉक्सवर ७० मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे ३,९०० फेरे घेतं. कंपनीच्याच लेकॉक ओव्हरड्राइव्हने ते जवळपास ३,१५०वर येतात. फोर्डच्या टाइप-९ बॉक्सचा पाचवा गिअर ०.८२चा आहे, म्हणजे ओव्हरड्राइव्हच्या आसपासच. जो फायदा कंपनीच्या सामानातून मिळतो त्यासाठी गाडीची बॉडी कापणं मला पटत नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही ही अडचण खरी आहे. पण १९६७च्या शेवटी आलेल्या मार्क-टूमध्ये चारही गिअर सिंक्रोचे झाले आणि ऑटोमॅटिक बॉक्सही बसावा म्हणून टनेल मुळातच रुंद केलं गेलं. मोठा बॉक्स घालायचाच असेल तर अशी पुढची गाडी शोधा. त्याआधीच्या गाडीचं टनेल अरुंद आहे आणि तशा गाड्या दिवसेंदिवस कमी होत चालल्या आहेत.

तरीही कापायचंच ठरलं, तर घाई नको. एमजीबीत गिअरबॉक्स काढायचा तर इंजिनही बाहेर काढावं लागतं, तेव्हा ती मेहनत धरूनच बेत आखा. बॅटरी या गाडीत सीटांच्या मागे असते. तिची जाड केबल आणि पेट्रोलची नळी गाडीच्या पोटाखालून पुढे येतात. वेल्डिंगआधी दोन्ही सोडवून बाजूला घ्या. बॉडी दोन्ही सिलखाली सपाट टेकवा, दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या मारा. रिकामा बॉक्स, म्हणजे आतले गिअर काढलेलं कवच, जागेवर टांगून पुठ्ठ्याचं माप घ्या. इंजिन रबरावर डुलतं, म्हणून सगळीकडून बोटभर मोकळी जागा सोडा.

नवा तुकडा १.२ मिलिमीटर पत्र्याचा करा आणि त्याला गोलाई द्या, कडा दुमडा. सपाट कागद उभा राहत नाही, घडी घातलेला राहतो, पत्र्याचंही तेच. आधी लांब-लांब टॅक मारा, मग एकदा इकडे एकदा तिकडे असं थोडं थोडं वेल्डिंग करा, नाहीतर उष्णतेने पत्रा पिळवटतो. पट्ट्याच्या बोल्टमागे जाड प्लेट आणि तिच्यावर ७/१६ इंची यूएनएफ नट वेल्ड झालाच पाहिजे, आणि तोही जोडाच्या रेषेपासून लांब. या एका कामात हात बसलेला नसेल तर ते जाणत्या वेल्डरला द्या. माझ्या गाडीचं मी तसंच केलं. कोन जुळले, थरथर गेली.

कागदपत्रांचंही पाहा. ब्रिटनमध्ये फेरफार केलेल्या गाडीला जुना नंबर टिकवायला वर्षानुवर्षं आठ गुणांचा नियम होता. त्यातले पाच गुण एकट्या मूळ, न कापलेल्या बॉडीचे. ते गेले की जुना नंबर धोक्यात यायचा. नियम अलीकडे सैल झाला असला तरी बॉडीतला फेरफार डीव्हीएलए या वाहननोंदणी खात्याला आणि विमा कंपनीला लेखी कळवा, कामाचे फोटो जपून ठेवा.

आणि दुसऱ्याने पाच गिअर बसवलेली एमजीबी तुमच्याकडे असेल, तर येत्या रविवारी सीट काढा, गालिचा उचला आणि पट्ट्याचा बोल्ट कशाला आवळलाय ते डोळ्यांनी पाहा. ते पाहिल्याशिवाय शेजारच्या सीटवर कुणालाही बसवू नका.