तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअरचे भाव का चढतात, का उतरतात?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने शेअरबाजारावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आज मोबाइलवरून घरबसल्या शेअर घेता येतात, आणि वसतिगृहातील जेवणाच्या रांगेत परीक्षेइतकीच चर्चा भावांची होते. अशाच एका चर्चेत एका मित्राने विचारले, "कंपनीचा नफा वाढला असे पेपरात आले आहे, मग तिचा शेअर पडला कसा?" हा प्रश्न त्याने गमतीने विचारला नव्हता. पुढच्या सत्राच्या शुल्कासाठी घरून आलेले पैसे त्याने त्या शेअरमध्ये घातले होते. आम्हां अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही त्याला नीट उत्तर देता आले नाही. ते शोधण्याचा हा एक प्रयत्न आहे.

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक लहानसा हिस्सा. कंपनी तो प्रथम विकते तेव्हा पैसा कंपनीकडे जातो. त्यानंतर तो या हातातून त्या हातात फिरतो आणि घेणारे किती, विकणारे किती, यावर त्याचा भाव ठरतो. येथपर्यंत पाठ्यपुस्तकातील मागणी-पुरवठ्याचा नियम पुरतो. खरा प्रश्न पुढे आहे. ही मागणी एकाएकी का वाढते किंवा आटते?

याचे उत्तर आपल्या विदर्भातच सापडते. काटोल, नरखेड, वरुड या भागांत अनेकदा संत्र्याची बाग फळे झाडावर असतानाच विकली जाते. व्यापारी बागेत फिरतो, बहाराचा अंदाज घेतो आणि इसार देतो. तो आजच्या हिरव्या फळांची किंमत मोजत नसून काही महिन्यांनी बाजारात जाणाऱ्या मालाची मोजत असतो. मध्येच गारपीट झाली किंवा फळगळ सुरू झाली, तर एकही संत्रे बाजारात गेलेले नसताना बागेची किंमत उतरते. शेअरचा भाव हा असाच उद्याच्या पिकाचा भाव असतो.

हे सर्वच कंपन्यांना लागू आहे. पण तंत्रज्ञान कंपन्यांना विशेष लागू आहे. कापड गिरणीजवळ जमीन, इमारत व यंत्रे असतात. सॉफ्टवेअर कंपनीची खरी मालमत्ता म्हणजे तिची माणसे, त्यांचे कौशल्य आणि हाती आलेली कंत्राटे. त्यामुळे तिच्या भावात आजच्या मालमत्तेपेक्षा उद्याच्या अपेक्षेचा वाटा फार मोठा असतो.

इन्फोसिसचे उदाहरण पाहू. १९८१ साली पुण्यात नारायण मूर्ती व त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी ही कंपनी काढली. सुधा मूर्ती यांनी दिलेले दहा हजार रुपये हे तिचे आरंभीचे भांडवल. १९८३ मध्ये ती बंगळूरला गेली. १९९३ मध्ये तिने ९५ रुपयांना शेअर विक्रीस काढले, तेव्हा लोकांनी ते पुरते उचललेही नाहीत. सॉफ्टवेअर म्हणजे काय हेच अनेकांना ठाऊक नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये बाजारात या शेअरचा व्यवहार १४५ रुपयांना सुरू झाला. पुढे दशकभर नफा वाढत गेला आणि अपेक्षा त्याहून वेगाने वाढल्या.

मग १० एप्रिल २००३ चा दिवस उजाडला. कंपनीचा वर्षाचा नफा वाढलेलाच होता. परंतु पुढील वर्षी तो किती वाढेल याचा कंपनीने दिलेला अंदाज बाजाराच्या अपेक्षेहून कमी निघाला, आणि त्या एका दिवसात शेअर चतुर्थांशाहून अधिक घसरला. १२ एप्रिल २०१३ रोजीही तसेच झाले. कंपनीने उत्पन्नात ६ ते १० टक्के वाढ होईल असे सांगितले. बाजाराला अधिक हवी होती. त्या दिवशी घसरण सुमारे २१ टक्क्यांची झाली.

यामागील हिशेब सोपा आहे. समजा, एका शेअरमागे कंपनीला १० रुपये नफा होतो आणि ती वेगाने वाढेल या भरवशावर लोक त्याच्या ३० पट, म्हणजे ३०० रुपये देतात. पुढील वर्षी नफा ११ रुपये झाला, पण वाढ मंदावेल अशी शंका येऊन लोक २० पटच देऊ लागले, तर भाव २२० होतो. नफा १० टक्क्यांनी वाढला आणि भाव सुमारे २७ टक्क्यांनी उतरला! माझ्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

दुसरे कारण व्याजाचे. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य ६ टक्के दराने सुमारे ५६ रुपये भरते. दर ९ टक्के झाला की ते ४२ वर येते. एका वर्षाने मिळणाऱ्या १०० रुपयांचे मूल्य मात्र ९४ वरून ९२ इतकेच उतरते. ज्यांची कमाई दूरच्या भविष्यात आहे, त्यांना व्याजवाढ अधिक झोंबते ती यामुळे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वाचार टक्क्यांच्या वर नेले. तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला तेथील नॅस्डॅक निर्देशांक त्या वर्षात सुमारे एक तृतीयांशाने खाली आला. आपल्या कंपन्यांचे मोठे ग्राहक अमेरिकेत असल्याने तेथील मंदी व डॉलरचा दर यांचेही पडसाद येथे उमटतात.

तिसरे कारण गर्दीचे. भाव चढतो म्हणून लोक घेतात आणि लोक घेतात म्हणून भाव चढतो. मार्च २००० मध्ये नॅस्डॅक ५००० च्या वर होता. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १२०० च्याही खाली गेला. आपल्याकडे केतन पारेख प्रकरणात काही सॉफ्टवेअर शेअर असेच फुगवले गेले व २००१ मध्ये कोसळले. त्याच वर्षी जुलैत युनिट ट्रस्टने आपल्या 'युनिट ६४' योजनेतील खरेदी-विक्री सहा महिने थांबवली. ज्यांनी शेअरबाजाराचे तोंडही पाहिले नव्हते, अशा मध्यमवर्गीय घरांतील बचत त्यामुळे अडकली.

चौथे कारण विश्वासाचे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोख रक्कम अस्तित्वातच नाही. त्या दिवशी शेअर तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. कर्मचारी तेच होते, संगणक तेच होते. पण हिशेबावरचा विश्वास गेला होता.

या चार कारणांपैकी उद्या कोणते पुढे येईल, हे कोणी सांगू शकत नाही. मात्र एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २००३ च्या पडझडीनंतर इन्फोसिसचा व्यवसाय वाढत राहिला आणि काही वर्षांत भाव सावरून पूर्वीच्या वर गेला. ज्यांना थांबता आले त्यांचे नुकसान भरून निघाले. सत्यममध्ये पाया मुळातच खोटा होता. तेव्हा शेअर घेण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत: या कंपनीच्या हिशेबावर आपण कशाच्या आधारे विश्वास ठेवतो आहोत? आणि भाव पडला, तर आपल्याला थांबता येईल काय?

माझ्या मित्राला थांबता आले नाही. शुल्क भरण्याची तारीख जवळ आली, तोट्यात शेअर विकावा लागला आणि उरलेली रक्कम आम्ही चौघांनी मिळून उभी केली. घरी त्याने अद्याप सांगितलेले नाही. बागेचा व्यापारी एखादा बहार बुडाला तरी पुढचा बहार पाहू शकतो. विद्यार्थ्याच्या शुल्काचा बहार एकच असतो. तो झाडावर टांगून ठेवू नये.